नेमबाजाच्या रायफलचे सुटे भाग: पैसे कशाचे द्यायचे?

कंपनीने रायफलसोबत दिलेला भाग काढून त्याजागी दुसऱ्याच कंपनीचा भाग बसवणं ही टार्गेट नेमबाजीत रोजची गोष्ट आहे. रायफल उल्मच्या वाल्थरची, मागची साइट सेंट्राची, तिच्यातला आयरिस कार्ल्सरूहच्या गेहमानचा, बट प्लेट डॉर्टमुंडच्या एमईसीची, असं मिश्र बिऱ्हाड पुण्याच्या, पनवेलच्या, कोल्हापूरच्या रेंजवर सर्रास दिसतं. यातला एकेक भाग काही शे युरोंचा असतो. वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी आणि विक्रेत्याचा नफा चढून तो आपल्याकडे येतो तोवर एका बट प्लेटच्या पैशात मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा किराणा भरून वर शिल्लक उरेल. आणि हा खर्च बहुतेक वेळा कशाच्या भरवशावर होतो? शेजारच्या लेनवरच्या मुलाकडे तो भाग आहे आणि त्याचा स्कोअर चांगला येतो, एवढ्याच.

पालकांचा हा पैसा वाया जाताना पाहून वाईट वाटतं, कारण भाग चांगला की वाईट हे ओळखणं फारसं अवघड नाही. चांगल्या भागाचं लक्षण एकच: हलवला, काढला, परत बसवला, तरी तो पुन्हा नेमका तिथेच येतो. साइटचे क्लिक पुढे नेऊन मागे आणले तर नेम पूर्वीच्याच जागी आला पाहिजे. ट्रिगर शंभराव्या वेळीही पहिल्याइतक्याच दाबाला सुटला पाहिजे. दाम या गुणाचा द्यायचा. चकाकीचा, रंगाचा, डब्यावरच्या नावाचा दाम त्यानंतर.

‘नेमकं तिथेच’ म्हणजे किती नेमकं, हे आकड्यांत पाहू. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पेलेट साडेचार मिलिमीटर व्यासाची. तिची कड त्या ठिपक्याला शिवली की दहा मिळतात; म्हणजे पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट या अडीच मिलिमीटरचे पुन्हा दहा भाग करतं, १०.० पासून १०.९ पर्यंत. म्हणजे दशांशाचा प्रत्येक गुण पाव मिलिमीटरचा.

आता साइटकडे या. पुढची साइट आणि मागची साइट यांच्यात साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरा. टार्गेट दहा मीटरवर. मागची साइट जेवढी सरकेल त्याच्या साडेबारा पट पेलेट टार्गेटवर सरकते. पाव मिलिमीटरला साडेबाराने भागा: मिलिमीटरचे दोन शतांश. माणसाच्या केसाच्या जाडीचाही हा साधारण तिसरा-चौथा हिस्सा. मागच्या साइटमध्ये एवढा जरी खेळ असला, तरी प्रत्येक शॉटला दशांशाचा एक गुण नशिबाच्या हवाली होतो. डायऑप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची ही मागची साइट, इतकी महाग का असते याचं उत्तर या दोन शतांशांत आहे. स्क्रूचे आटे इतक्या बारकाईने कापायचे, त्यावर सरकणारा ठोकळा ना सैल ना घट्ट असा बसवायचा, आणि हजारो क्लिकनंतरही त्यांनी तसंच राहायचं, याचे ते पैसे आहेत.

पण ही किंमत प्रत्येकाने द्यावी का? इथे थोडं गणित करावंच लागतं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

टार्गेटवर दिसणारा ग्रुप दोन चुकांतून बनतो: नेमबाजाच्या शरीराची चूक आणि रायफल-पेलेटची चूक. या चुकांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करायचे, ते मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. समजा, नुकत्याच उभं राहायला शिकलेल्या मुलीचा स्वतःचा ग्रुप २० मिलिमीटरचा आहे आणि तिची रायफल शिकंज्यात धरून झाडली तर २ मिलिमीटरचा ग्रुप देते. एकूण ग्रुप होतो २०.१ मिलिमीटर. आता भरपूर पैसे घालून रायफलची चूक निम्मी केली, १ मिलिमीटरवर आणली. एकूण ग्रुप २०.०२. सगळ्या खर्चाचं फळ मिलिमीटरच्या आठ शतांशांएवढं. हाच खर्च स्वतःचा ग्रुप ४ मिलिमीटरवर आणलेल्या नेमबाजाने केला, तर ४.४७ चे ४.१२ होतात. दहा शॉटच्या ग्रुपची रुंदी आणि शॉटचं केंद्रापासूनचं सरासरी अंतर यांचं नातं साधारण तीनास एक असतं. त्या हिशोबाने साठ शॉटच्या पात्रता फेरीत त्याचे तीनेक गुण वाढतात. आठवा अंतिम फेरीत जातो आणि नववा घरी जातो, त्यांच्यातला फरक बरेचदा याहून कमी असतो.

तोच भाग, तीच किंमत. एकासाठी सार्थकी लागते, दुसरीसाठी पाण्यात जाते. म्हणून ‘हा भाग चांगला का?’ याआधी ‘माझी चूक किती, आणि यातली कोणती चूक हा भाग कमी करणार?’ असं विचारायला हवं.

या हिशोबाला एक मोठा अपवाद आहे: शरीराला भिडणारे भाग. खांद्याला टेकणारी बट प्लेट, गाल टेकायचा चीक पीस, तळहातात बसणारी ग्रिप. हे भाग रायफलची चूक कमी करत नाहीत, नेमबाजाची स्वतःची चूक कमी करतात. त्या नवशिक्या मुलीच्या २० मिलिमीटरमधले दोन जरी नीट बसलेल्या चीक पीसने कमी झाले, तरी कुठल्याही जर्मन डायऑप्टरने तिला दिलं नसतं एवढं त्याने दिलं. माझा सल्ला विचाराल तर पहिला पैसा इथे घालावा. किंबहुना पैसा घालण्याआधी आहे त्याच रायफलचे सगळे स्क्रू सैल करून, कोचला बाजूला उभं करून, बट प्लेटची उंची, लांबी आणि गालाची जागा पुन्हा जुळवावी. त्यातच गरज भागल्याची उदाहरणं रेंजवर पुष्कळ सापडतील.

घ्यायचीच झाली तर बट प्लेट अशी पाहावी. तिच्या सरकत्या दांड्यावर कोरलेल्या खुणा आहेत का? रंगाने छापलेल्या खुणा घामाने पुसल्या जातात. मग पेन्सिलची बारीक रेघ मारून एका जागी आवळा, सैल करा, पुरती हलवा, पुन्हा त्याच खुणेवर आणून आवळा. आवळताना प्लेट किंचित फिरते का, यावर लक्ष ठेवा. स्वस्त नकलेत नेमकं हेच होतं: बोल्टचा शेवटचा अर्धा फेरा घेताना प्लेट स्वतःच अंशभर वळते, कारण ज्या दोन पृष्ठभागांनी एकमेकांना धरायचं ते सपाट घासलेलेच नसतात. मग टोकाला धरून हलवून पाहा. कट् असा आवाज आला तर ती परत द्या. आणि एलन बोल्टची डोकी नीट पाहा. मऊ धातूचे बोल्ट दहा-वीस वेळा आवळले की त्यांचा षटकोन गोल होतो; बोल्ट निघत नाही, प्लेट हलत नाही, आणि सगळा पसारा वर्कशॉपमध्ये न्यावा लागतो.

पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये या गुणाची किंमत फार वाढते. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून असे तीन प्रकार एकाच सामन्यात. प्रत्येक पोझिशनला डोक्याची ठेवण बदलते, म्हणून बट प्लेट, चीक पीस आणि साइटची उंची घड्याळ चालू असताना बदलावी लागते. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने याच प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं. या प्रकाराची अंतिम फेरी पाहताना शॉटपेक्षा मधल्या बदलाच्या मिनिटांकडे एकदा लक्ष द्या. नेमबाज खुणेवर खूण जुळवतात, बोल्ट आवळतात आणि काही चाचणी शॉट्सनंतर थेट गुणांसाठी झाडतात. तिथे अर्धा मिलिमीटर चुकीच्या जागी आवळलेल्या प्लेटला सावरायला वेळच नसतो.

डायऑप्टरची परीक्षा जरा निवांत घ्यावी लागते. रायफल शिकंज्यात किंवा भरीव टेकूवर घट्ट बसवायची. पाच शॉट मारायचे. मग वीस क्लिक उजवीकडे, पाच शॉट. वीस वर, पाच शॉट. वीस डावीकडे, पाच शॉट. वीस खाली आणि शेवटचे पाच. कागदावर चौकोनाचे चार कोपरे उमटतात आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर चढतो. चढला नाही तर साइट खोटं बोलते आहे. कोपरे तिरके आले, तर एकतर साइट कललेली बसली आहे किंवा आडवा स्क्रू फिरवताना उभाही थोडा सरकतो आहे. आणखी एक परीक्षा दुकानातही करता येते: दहा क्लिक पुढे नेऊन उलट फिरवायला लागा. पहिले एक-दोन क्लिक नुसते वाजतात आणि छिद्र जागचं हलतच नाही, असं दिसलं तर स्क्रू आणि ठोकळ्यात खेळ आहे. चांगल्या साइटमध्ये हा खेळ स्प्रिंगच्या दाबाने कायम एकाच बाजूला ढकललेला असतो.

गेहमानसारखे उत्पादक एका फेऱ्याला १० क्लिक आणि २० क्लिक अशा दोन जाती विकतात. वीसवाली घेतली म्हणजे दुप्पट अचूकता आली, असा समज बरेच जण करून घेतात. वीसवालीचा क्लिक बारीक असतो, एवढंच. ज्याचा ग्रुपच चार मिलिमीटरचा आहे त्याला इतक्या बारीक क्लिकने होणारा बदल टार्गेटवर दिसणारही नाही.

आयरिस, म्हणजे मागच्या छिद्राचा व्यास लहान-मोठा करायची पत्त्यांची रचना, साधारण अर्ध्यापासून तीन मिलिमीटरपर्यंत उघडते. उजेड बदलला की ती बदलावी लागते. हिची परीक्षा सोपी: पूर्ण उघडा, पूर्ण मिटा, आणि छिद्राचं केंद्र जागेवर राहतं का ते पाहा. पत्त्या असमान सरकल्या की केंद्र भरकटतं, आणि ढग आल्यावर गोळ्या डावीकडे का जाऊ लागल्या हे नेमबाजाला कधीच कळत नाही. तो स्वतःच्या श्वासाला दोष देत बसतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण सदोष वस्तू त्या मुलाचा स्वतःवरचा विश्वासच खाऊन टाकते.

या विश्वासाचं मोल काय असतं ते बीजिंगमध्ये दिसलं. ११ ऑगस्ट २००८. अभिनव बिंद्रा दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत उतरला तेव्हा चाचणी शॉटमध्ये त्याची पेलेट थेट चारच्या वर्तुळात गेली. साइट जागची हललेली होती. मोजकी मिनिटं हातात असताना त्याला क्लिक फिरवत नेम पुन्हा मध्यावर आणावा लागला. तिथे क्लिकने दगा दिला असता तर भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण त्या दिवशी आलं नसतं. त्याचा अखेरचा शॉट १०.८ होता.

हे सगळे भाग एकमेकांना बसतात का, हा वेगळा प्रश्न. आणि ‘बसतो’ या एका शब्दावर विक्रेते बरंच काही खपवतात. साइट बसवायच्या खाचेची रुंदी बहुतेक मॅच रायफलींत ११ मिलिमीटर असते. पुढच्या साइटच्या नळीतली रिंग १८ किंवा २२ मिलिमीटरची. आयरिसचा आटा साडेनऊ मिलिमीटर व्यासाचा आणि एक मिलिमीटर पिचचा. हे आकडे खरेदीआधी वहीत लिहून ठेवावेत. चुकीच्या पिचचा स्क्रूही पहिले दोन फेरे आत जातो. तिसऱ्याला अडतो, मग माणूस जोर लावतो आणि आटे मरतात. मेलेले आटे भागाचे असले तर नुकसान भागापुरतं. रायफलचे असले तर ते फार महागात पडतं.

पेलेटला कोणी सुटा भाग म्हणत नाही, पण किंमत आणि गुणवत्तेचा सगळ्यात मोठा घोळ तिच्याबाबतीतच होतो, म्हणून तिला इथे जागा दिली आहे. डब्याच्या स्टिकरवर डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४८, ४.४९, ४.५० आणि पुढे. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, एकाच किमतीच्या दोन डब्यांतल्या पेलेट एकाच नळीतून वेगवेगळे ग्रुप देतात, कारण त्या वेगळ्या साच्यातून, वेगळ्या दिवशी निघालेल्या असतात. नळीला कोणती बॅच मानवते हे कागदावर आधी कळत नाही. झाडूनच पाहावं लागतं. पॉइंट टू टूच्या काडतुसांचंही तेच. म्हणून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ यांनी स्वतःच्या चाचणी रेंज ठेवल्या आहेत. नेमबाज रायफल घेऊन जातो, ती शिकंज्यात बसवतात, लॉटमागून लॉट झाडतात, आणि जुळला तो लॉट तो पेट्यांनी उचलतो.

आपल्या क्लबात ही चाचणी करताना एक चूक हमखास होते: पाच शॉटचा एक ग्रुप या बॅचचा, पाचचा एक त्या बॅचचा, लहान दिसला तो डबा घरी. पाच शॉटचा ग्रुप नुसत्या योगायोगानेच पाव हिश्शाने लहान-मोठा येतो. त्याच डब्यातून लागोपाठ ग्रुप मारून पाहा, खात्री पटेल. निदान दहा-दहा शॉटचे काही ग्रुप प्रत्येक बॅचचे घ्यावेत आणि त्यांची सरासरी पाहावी. यात पेलेट खर्च होतात, खरं आहे. पण न जुळणारी बॅच वर्षभर वापरण्यात याहून जास्त जातं. ग्रुप मोजायचा तो छिद्रांच्या बाहेरच्या कडांमध्ये व्हर्निअर लावून, आणि त्यातून साडेचार मिलिमीटर वजा करून. विक्रेता जाहिरातीत ग्रुप दाखवतो तेव्हा शॉट किती, अंतर किती आणि वजाबाकी केली आहे का, हे तीन प्रश्न विचारायचे. आणि डबा उघडल्यावर पेलेटचा मागचा घेर पाहायचा: शिसं मऊ असतं, प्रवासात चेपतं. चेपलेल्या घेराची महाग पेलेट स्वस्त पेलेटपेक्षा वाईट लागते.

हवेच्या बाजूला मात्र निकष बदलतात. इथे प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. मॅच एअर रायफलचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. रेग्युलेटर त्यातून दर शॉटला मोजूनमापून हवा सोडतो. पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि दहा मीटर जाईपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येते. वेगात मीटरभराचा फरक पडला की टार्गेटवर उंची मिलिमीटरच्या एक-पंचमांशाने बदलते. तीन मीटरचा फरक पडला तर दशांशाचे दोन गुण गेले, आणि नेमबाज मात्र आपला होल्डच चुकला असं समजतो. क्रोनोग्राफ लावून दहा शॉटचे वेग लिहिले की रेग्युलेटरची तब्येत दहा मिनिटांत कळते. बऱ्याच क्लबांत क्रोनोग्राफ कपाटात पडून असतो. तो बाहेर काढायला लावा.

सिलिंडर मूळ कंपनीचाच घ्यावा, आणि त्यावर कोरलेली तारीख वाचावी. उत्पादकांनी दिलेली मुदत बहुधा दहा वर्षांची असते, आणि सिलिंडर मुदतीत आहे याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत खेळाडूवरच टाकलेली आहे. मुदत उलटलेला सिलिंडर ‘अजून हवा धरतो’ म्हणून वापरणारे लोक आहेत. त्यांना एवढंच सांगायचं की धातूचा थकवा आधी गळतीच्या रूपाने दिसेलच असं नाही. आणि सिलिंडर गालापासून हातभर अंतरावर असतो. इथे बचत करू नये.

आणि त्याच सिलिंडरच्या तोंडाशी बसणारी रबरी ओ-रिंग? ती मात्र नावाच्या पाकिटातून घेण्याचं काही कारण नाही. ओ-रिंगची मापं ठरलेली असतात: आतला व्यास आणि दोऱ्याची जाडी. योग्य मापाची, योग्य कठीणपणाची नायट्राइल रबराची रिंग औद्योगिक सीलच्या दुकानात काही रुपयांत मिळते आणि कंपनीच्या रिंगइतकीच टिकते. कठीणपणा मात्र कंपनीने सांगितला तोच घ्यायचा, वंगण सिलिकोनचंच लावायचं, आणि रिंग बदलण्याआधी सगळी हवा सोडून द्यायची. महाग ते चांगलं या समजाला ही छोटी काळी रिंग चांगलं उत्तर देते.

ट्रिगरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दहा मीटर एअर रायफलला ट्रिगरच्या किमान दाबाची अट नाही. एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची आहे. चांगल्या मॅच रायफलचे मूळ ट्रिगर इतके उत्तम असतात की बदलायची गरज क्वचितच पडते. दाबमापक लावून वीसेक वेळा मोजा. आकडे एकमेकांजवळ आले तर ट्रिगर नीट आहे, तो हलका की जड हा आवडीचा भाग. पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती तो देऊ नका. आतल्या टेकणाऱ्या कडांवर कठीण थर असतो. तो घासला गेला की ट्रिगर काही दिवस लोण्यासारखा चालतो आणि मग न दाबताही सुटायला लागतो.

नळी बदलायचा विचार तर नवशिक्याने करूच नये. क्योनिग्सब्रोनच्या लोथार वाल्थरसारखे कारखाने नळ्याच बनवतात आणि नामवंत रायफलींतही त्या असतात. नळी खराब आहे असं वाटणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ पेलेटच्या बॅचमध्ये, नळीच्या तोंडाला लागलेल्या धक्क्यात किंवा सैल झालेल्या स्क्रूत निघतं.

ऑनलाइन बाजारात आता डायऑप्टर, आयरिस, बट प्लेट यांच्या नकला मूळ किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात मिळतात. त्या सगळ्याच टाकाऊ नसतात. हँड स्टॉप, तोल साधायची वजनं, स्पेसर यांत सरकणारं, मोजणारं काही नसतं. ते कुठलेही चालतात. कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा पुण्याच्या भोसरीत ओळखीचा लेथवाला असेल तर वजनं आणि स्पेसर तो तिथेच करून देईल, आणि कदाचित जास्त नेटके. ज्यात स्क्रू, पत्त्या किंवा स्प्रिंग आहे ती नक्कल मात्र वर सांगितलेल्या परीक्षा दिल्याशिवाय ठेवू नये. हाताला काही गोष्टी लगेच कळतात: कडेला बोट फिरवल्यावर बोचणारी बारीक धार, आट्यात अडकलेला धातूचा चुरा, साच्याच्या जोडाची उमटलेली रेघ. रेघ दिसली म्हणजे भाग ओतीव आहे. सरकत्या भागाला कापीव धातू हवा.

लेथवाल्याकडे जाण्याआधी कायद्याची रेघ मात्र ठाऊक असावी. पॉइंट टू टू रायफल परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. वजन आणि स्पेसर वेगळे. नळी किंवा बोल्ट यांच्या वाटेला घरगुती उद्योगाने जाऊ नये. खेळाच्या नियमांचंही तसंच. दहा मीटर एअर रायफलचं कमाल वजन साडेपाच किलो, पन्नास मीटरवाल्या रायफलचं आठ किलो. काखेत अडकणारा हूक पन्नास मीटरला चालतो, दहा मीटरला चालत नाही. परदेशी दुकानातून मागवलेली उत्तम बट प्लेट साहित्य-तपासणीत बाद झाली तर तिची किंमत शून्य. म्हणून मागवण्याआधी चालू वर्षाची नियमावली उघडून ते पान वाचावं. नियम बदलत राहतात.

राहिला वापरलेल्या मालाचा बाजार. महाराष्ट्रातल्या मुलांना चांगली साधनं बहुतेक वेळा याच वाटेने मिळतात. कोणी वरच्या पातळीवर जातो, कोणी कॉलेजला लागून खेळ सोडतो, आणि साहित्य पुढच्या हाती जातं. दर्जेदार डायऑप्टर आणि बट प्लेट इथे डोळे झाकून नाही, पण निर्धास्तपणे घ्याव्यात. त्यांत झिजण्यासारखं थोडं असतं, आणि दोन वर्षांनी विकताना घेतल्या किमतीच्या जवळपास पैसे परत मिळतात. स्वस्त नक्कल मात्र दुसऱ्यांदा विकली जात नाही. हा हिशोब खरेदीच्या वेळी मांडला तर महाग वस्तू बरेचदा स्वस्त पडते. पूर्ण रायफलच घेत असाल तर सोबत आलेलं कारखान्याचं चाचणी टार्गेट मागा, क्रमांक जुळवा, दहा शॉटचे वेग मोजायला लावा, आणि सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख पाहा. मुदत संपायला आली असेल, तर नव्या सिलिंडरची आजची किंमत विचारा आणि ती सांगितलेल्या भावातून वजा करूनच बोलणी सुरू करा.